संख्या कमी, म्हणून खुर्चीच नाही?

महोदय,

२०२४ च्या निकालाला वर्ष उलटले तरी विधानसभेला विरोधी पक्षनेता मिळाला नव्हता. कारण सांगितले जाते ते १० टक्क्यांचे. २८८ च्या सभागृहात २९ आमदार हवेत आणि विरोधकांतल्या सर्वांत मोठ्या पक्षाचे, म्हणजे उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे, निवडून आले २०. पण हा नुसता संकेत. विरोधी पक्षनेत्याच्या वेतन-भत्त्यांच्या कायद्यात टक्केवारी नाही. सर्वाधिक संख्याबळाचा विरोधी पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता, एवढेच आहे. दिल्लीत २०१५ साली ७० पैकी अवघे ३ आमदार असताना भाजपला हे पद मिळाले होते. ते गोड लागले, मग इथेच घास का अडतो?

विरोधकांनाही सुनावलेच पाहिजे म्हणा. लोकसभेला शाहू महाराजांना निवडून देणाऱ्या आमच्या जिल्ह्यात सहा महिन्यांच्या आत आघाडीला १० पैकी एकही जागा राखता आली नाही. तालमीतला पोरगा चितपट झाला तरी दुसऱ्या दिवशी पहाटे लाल मातीत उतरतो. आमचे नेते अजून पंचांशीच हुज्जत घालतायत! टोलच्या लढ्यात एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांनी आमदार मोजत वाट पाहिली नव्हती. कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले, टोल गेला.

तरीही सभागृहात जाब विचारणारा हवाच. अध्यक्षांनी होय किंवा नाही, काय ते लेखी सांगावे.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर