पंप बदलण्याआधी पाण्याचे तापमान मोजा

महोदय,

उन्हाळा लागला की पाण्यावर थंड होणारे गेमिंग संगणक तापत असल्याच्या तक्रारी वाढतात, आणि बहुतेक ग्राहक पंप बदलायचा हे ठरवूनच दुरुस्तीला येतात. नागपुरात असे संगणक जोडून देण्याचा आणि दुरुस्त करण्याचा माझा व्यवसाय आहे. अमरावतीच्या एका विद्यार्थ्याला एका दुकानाने कोणतीही तपासणी न करता आधी मोठा पंप आणि मग दुसरा रेडिएटर (पंख्यांच्या हवेने पाणी थंड करणारी जाळी) विकला, तरी प्रोसेसर तापायचा तो तापतच राहिला. हा प्रकार वरचेवर घडतो, म्हणून हे पत्र.

प्रोसेसरचे तापमान एकटे फारसे काही सांगत नाही. एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेतील अनेक प्रोसेसर तर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जातील अशाच बेताने घडवलेले आहेत. त्यामुळे खोली, लूपमधले (म्हणजे पंप, नळ्या आणि रेडिएटर यांच्या बंद वळशात फिरणारे) पाणी आणि चिप (प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्डची) अशी तिन्ही तापमाने अर्धा-पाऊण तास भार दिल्यानंतर एकत्र पाहावी लागतात. पाणी खोलीपेक्षा १० ते १५ अंशांनी गरम असणे नेहमीचे आहे. हा फरक २० अंशांच्या वर गेला, तर दोष रेडिएटर, पंखे किंवा कॅबिनेटमध्ये कोंडलेल्या हवेत शोधावा. बाजूची काच काढून ठेवताच पाणी काही अंशांनी उतरले, तर हवा कोंडली होती हे लगेच कळते. पाणी मात्र बेताचेच गरम आणि चिप तापलेली, असे असेल तर रेडिएटर वाढवून काहीच साधत नाही, कारण अडचण चिप आणि पाणी यांच्यामध्ये आहे. त्यातही एकटा प्रोसेसर तापत असेल तर ब्लॉकची (चिपवर बसणाऱ्या, आतून पाणी वाहणाऱ्या धातूच्या ठोकळ्याची) बैठक आणि दोघांमधली उष्णतावाहक थर्मल पेस्ट आधी तपासावी, आणि ग्राफिक्स कार्डही सोबत चढले असेल तर पाण्याच्या प्रवाहाकडे वळावे.

त्या विद्यार्थ्याच्या संगणकात खोली ३४, पाणी ४२ आणि प्रोसेसर ९४ अंश होता; ग्राफिक्स कार्डही नेहमीपेक्षा थोडे चढले होते. ब्लॉक उघडला तेव्हा तांब्याच्या पात्यांमधल्या, अर्ध्या मिलिमीटरहून अरुंद असलेल्या फटींत मेणासारखा पांढरट थर साचलेला दिसला. स्वस्त पीव्हीसी नळ्यांमध्ये मऊपणासाठी मिसळलेले द्रव्य हळूहळू कूलंटमध्ये, म्हणजे लूपमधल्या द्रवात, उतरते आणि सर्वांत बारीक जागी, म्हणजे नेमके इथेच, अडकते. कोमट साबणाच्या पाण्याने आणि मऊ टूथब्रशने पाती घासून, नळ्या ईपीडीएम रबराच्या घालून जोडणी केली आणि त्याच भाराखाली प्रोसेसर ७२ अंशांवर स्थिरावला. नवा पंप अनावश्यकच होता.

पाणी सावकाश फिरले तर त्याला उष्णता घ्यायला वेळ मिळतो, हा समज दुकानांतूनही ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. उलट, वेग अमर्याद वाढवूनही लाभ नाही. ५०० वॉट उष्णता असेल आणि मिनिटाला १ लिटर पाणी फिरत असेल, तर एका फेरीत ते सुमारे ७ अंशांनी तापते. ४ लिटर फिरले तर २ अंशांहूनही कमी. त्यापुढे प्रवाह दुप्पट केला तरी हाती जेमतेम एक अंश लागतो, आवाज मात्र वाढतो. प्रवाह खरोखर घटला असेल तर अडकलेली हवा, मुडपलेली नळी, प्रोसेसर ब्लॉकवर उलटसुलट जोडलेली आत-बाहेरची तोंडे आणि बायॉसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) पंपाचा वेग कमी ठेवला गेला आहे का, हे आधी पाहावे.

विदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. असा लूप पाणी खोलीच्या तापमानाखाली नेऊच शकत नाही. मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असेल तर पाणी ५० ते ५५ अंशांवर जाणारच, आणि बहुतेक पंपांची मर्यादा ६० अंशांची असते. अशा वेळी भार कमी करणे किंवा खोली थंड करणे हाच उपाय आहे. बोअरचे पाणी तर नकोच, पण आरओचेही नको, कारण त्यातही क्षार उरतात; डिस्टिल्ड वॉटर वापरावे आणि त्यात गंजरोधक व शेवाळरोधक मिसळावे. तांब्याच्या ब्लॉकसोबत ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडू नये, कारण त्या जोडीत ॲल्युमिनियम झिजते.

पाण्याचा तापमान सेन्सर हा अशा संगणकाच्या किमतीच्या मानाने अगदी किरकोळ खर्च आहे, तरी जुळणी करणारे अनेक जण तो बसवत नाहीत. माझी व्यावसायिक बांधवांना विनंती आहे की त्यांनी तो प्रत्येक लूपमध्ये बसवावा, आणि संगणक देताना खोली, पाणी, प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांची भाराखालची तापमाने, कूलंटचे नाव आणि ते भरल्याची तारीख कागदावर लिहून ग्राहकाच्या हाती द्यावी. ग्राहकांनीही हा कागद मागून घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

आपला विश्वासू,
एक संगणक व्यावसायिक, नागपूर