वैशू, जर्मनीला यायचं ठरवण्याआधी

श्टुटगार्ट,
नोव्हेंबर २०२५

प्रिय वैशू,

तुझा व्हॉइस मेसेज रात्रपाळीहून परतताना ट्रेनमध्ये ऐकला, घरी आल्यावर पुन्हा ऐकला. सांगलीतला एजंट साडेतीन लाख मागतोय, 'सहा महिन्यांत जर्मनी' म्हणतोय, आणि दाजी सगळं तुझ्यावर सोडून मोकळे झालेत. शेवटी तू विचारलंस, "खरं सांग, येऊ का नको?" फोनवर हे धड बोलून होणार नाही, म्हणून लिहायला बसलेय. ड्यूटी आटोपून निवांत वाच.

आधी एजंटाचं. त्याला एक रुपया देऊ नकोस. इथल्या हॉस्पिटलांना नर्स कमी पडतायत, गरज त्यांची आहे, तेव्हा आणण्याचा खर्च त्यांनीच करायला हवा. परदेशातून नर्स आणणाऱ्यांसाठी जर्मनीत 'फेअर अनवेर्बुंग' नावाचं सरकारी मानचिन्ह आहे. ते ज्यांच्याकडे असतं त्यांना उमेदवाराकडून भरतीचे पैसे घेता येत नाहीत. शिवाय २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी, म्हणजे मी राहते त्याच राज्याशी, कुशल माणसं पाठवण्याचा करार केलाय आणि त्यात नर्सही आहेत. त्याची चौकशी कर. कुणाकडूनही आलीस तरी कॉन्ट्रॅक्टमध्ये 'दोन-तीन वर्षांच्या आत सोडलंत तर खर्च परत करा' असं कलम आहे का आणि रक्कम किती, हे पाहिल्याशिवाय सही करायची नाही.

सहा महिन्यांचंही डोक्यातून काढ. आपली डिग्री इथे आपोआप चालत नाही. इथलं सरकारी ऑफिस आपला अभ्यासक्रम त्यांच्या तीन वर्षांच्या कोर्सशी तासातासाने ताडून बघतं आणि तुमच्याकडे काय काय कमी आहे याचं पत्र पाठवतं. मग एक तर परीक्षा द्यायची, तोंडी आणि प्रत्यक्ष वॉर्डात, नाहीतर काही महिन्यांचा पूरक कोर्स करायचा. ते होऊन मान्यतेचा कागद हातात येईपर्यंत तू मदतनीस. बी.एस्सी. नर्सिंग, आयसीयूचा दहा वर्षांचा अनुभव, सगळं असूनही मदतनीस, आणि पगारही मदतनिसाचाच. वैशू, परदेशी जाण्यातलं सगळ्यात अवघड काय असं कुणी विचारलं तर मी थंडी म्हणणार नाही, जेवण म्हणणार नाही. कमावलेला मान विमानतळावर ठेवून यायचा आणि पुन्हा पहिलीत बसायचं, हे अवघड. ते ज्याला झेपेल त्याने यावं.

कामाचं सांगते. आपल्याकडे पेशंटचं अंग पुसणं, भरवणं, डायपर बदलणं नातेवाईक करतात, नाहीतर मावशी. आपण औषधं, सलाईन, चार्ट, राउंड. इथे मावशी नाहीत, आणि नातेवाईक दुपारी भेटायला येतात, फुलं ठेवून जातात. सकाळची ड्यूटी सुरू झाली की आम्ही अंघोळी घालायला लागतो. उलट व्हेनफ्लॉन, म्हणजे सलाईनची सुई लावणं, रक्त काढणं आमच्या वॉर्डात डॉक्टर करतात. कुणालाच सापडत नाही ती शीर शोधायला रात्री-अपरात्री आपल्याला बोलवायचे, आठवतं? माझ्याबरोबर आलेली केरळची एक मुलगी यालाच कंटाळून परत गेली. मी तिला दोष देत नाही.

पण पुढचं ऐक. आमची एक जुनी सिस्टर आहे, तिने मला अंघोळ घालायला शिकवलं. पाणी कोमट, आणि आधी पेशंटच्या हाताला लावून विचारायचं, चालेल का. चेहरा साबणाशिवाय. मग हात, छाती, पोट. पुसायचं तेवढंच उघडं, बाकी टॉवेलखाली. खालच्या अंगासाठी पाणी नवं, फडकंही नवं. कुशीवर वळवलं की माकडहाडापाशी थांबायचं. कातडी लाल दिसली तर बोटाने दाबून सोडायची. पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक. दाबूनही लालच राहिली तर बेडसोरची, पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झालीय. टाचांचंही तसंच. एका आजींच्या डाव्या टाचेवर मला असा डाग सापडला, कातडी अजून शाबूत होती. टाच उशीने अधांतरी उचलून ठेवली, दोन-दोन तासांनी कूस बदलायचं ठरवलं, मोडक्या जर्मनमध्ये नोंद केली. दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टरांनी ती नोंद वाचली आणि पुढचं माझ्याकडे बघून विचारलं. ती जखम झालीच नाही.

मिरजेत आपण बेडसोरचं ड्रेसिंग उत्तम करायला शिकलो. तो होण्याआधी पकडायचा कसा, ते मी इथे शिकले. गिळताना ठसका लागतो का, बोलताना धाप लागते का, पाय कालच्यापेक्षा सुजलेत का, हे सगळं अंघोळ घालताना कळतं. आपण ते काम मावशींवर सोडलं आणि त्याबरोबर पेशंटला डोळे भरून बघणंही सोडलं, असं मला आता ठामपणे वाटतं. यासाठी तरी मी इथे आल्याचं समाधान आहे.

काम कमी आहे असं मात्र समजू नकोस. एका नर्सकडे किती पेशंट याला इथे सरकारी मर्यादा आहे. आयसीयूत दिवसा दोन, रात्री तीन. तुझ्या आयसीयूत काय चालतं ते मला माहीत आहे, त्यामुळे हे वाचून तुला हेवा वाटेल. पण आमच्या वृद्धांच्या वॉर्डात हाच आकडा दिवसा दहा आणि रात्री वीस आहे. रात्री वीस म्हातारी माणसं, त्यातली काही विसरभोळी, उठून चालायला लागणारी. पाठ जाते.

भाषेचं तर विचारूच नकोस. जर्मनची बी-टू पातळीची परीक्षा पास होऊन आले तरी पहिले कितीतरी दिवस निम्मं बोलणं डोक्यावरून जायचं, कारण इथली म्हातारी माणसं श्वेबिश ही इथली बोली बोलतात. पुण्यात मराठीचा क्लास लावलेल्या माणसाला थेट चंदगडच्या आजीसमोर बसवावं, तसं झालं. सगळ्यात भीती वॉर्डातल्या फोनची वाटायची, कारण फोनवर समोरच्याचे ओठ दिसत नाहीत. म्हणून सांगते, बी-टू तिकडेच पूर्ण करून ये. बरेच जण त्याच्या खालच्या बी-वनवर येतात आणि ड्यूटी करून संध्याकाळी क्लास करतात, त्यात माणूस पिळून निघतो. तुला मूल आहे, तुझ्याने ते होणार नाही.

ओमचं आलंच त्यात. तो तिसरीत आहे ना? इथे चौथीनंतर मुलांच्या शाळा वेगवेगळ्या होतात. कोण पुढे कॉलेजकडे जाणार, कोण हाताच्या कामाकडे, याची सुरुवात तिथूनच होते. नंतर वाट बदलता येते, पण कष्ट पडतात. भाषा न येणाऱ्या मुलांना आधी भाषेच्या वर्गात बसवतात. तू पुढे येऊन त्याला दोन-तीन वर्षांनी आणणार म्हणालीस, ते मला पटत नाही. आणायचाच तर लवकर आण, आणि त्याचं जर्मन तुझ्याबरोबर आत्ताच सुरू कर. मुलं भाषा पटकन उचलतात. सासूबाईंशी तू स्वतः बस. त्यांना नातू जाणार याचं दुःख आहे, तुझ्या नोकरीचा राग नाही. त्यांना मी इतकी वर्षं ओळखते.

पैशाचं थोडक्यात. पगाराचा मोठा आकडा बघून हुरळू नकोस. कर, पेन्शन, आरोग्य विमा कापून एकट्या माणसाच्या हातात साधारण दोन तृतीयांश येतात. श्टुटगार्टात घरभाडं जबर आहे, डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत जातं, आणि पुष्कळ घरं स्वयंपाकघराशिवाय मिळतात. ओटा, सिंक, शेगडी सगळं आपण आणायचं. सुरुवातीला हॉस्पिटलचं हॉस्टेल मिळालं तर सोडू नकोस. तरीही पैसे उरतात. बाबांच्या घरावर स्लॅब टाकला तो माझ्या पगारातून, याचा मला अभिमान आहे. पेन्शनचे कापलेले पैसेही बुडत नाहीत. भारत आणि जर्मनीत २०१७ पासून करार लागू आहे, भारतात परत गेलं तरी इथली पेन्शन तिकडे घेता येते. फक्त किमान पाच वर्षं पेन्शनचे हप्ते भरलेले असण्याची अट लक्षात ठेव.

आणि आजारी पडायची मुभा. हे तुला खोटं वाटेल. ताप असला तर फोन करून कळवायचं आणि झोपायचं. सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार चालू राहतो, आणि परत गेल्यावर कुणी तोंड वाकडं करत नाही. आपण तिकडे पॅरासिटामॉल घेऊन किती नाइट काढल्या!

आता जे लिहायला जड जातंय ते. मागच्या पावसाळ्यात बाबांची किडनी बिघडली तेव्हा मी इथे होते. क्रिएटिनिनचे, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारे, रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर यायचे, आकडा रोज वर जाताना दिसायचा, त्याचा अर्थ घरात सगळ्यांत आधी मला कळायचा आणि मीच तिथे नव्हते. डॉक्टर डायलिसिसबद्दल बोलले तेव्हा आईला काही समजेना. तू तुझी ड्यूटी बदलून गेलीस, कॅथेटर लावेपर्यंत बसलीस, आईला जेवायला घातलंस. मी तिकीट काढून पोचेपर्यंत धोका टळला होता. त्याबद्दल तुझे आभार मानले तर तू चिडशील, म्हणून आजवर मानले नाहीत. आज मानते. यावर इलाज नाही, वैशू. तुझी आई एकटी आहे. तिच्याजवळ रात्री कोण धावेल, त्या माणसाचं नाव ठरल्याशिवाय व्हिसाचा अर्ज करू नकोस.

बाकीचं चालतं. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद असतात, भाज्या मापात आणायची सवय लागते. पुण्याची इंजिनीअर मंडळी इथे खूप आहेत, गणपती बसतो, मोदकही होतात. पाळ्यांमुळे मला दर वर्षी जमत नाही.

तर माझं उत्तर: ये, पण बी-टू हातात घेऊन, एजंटाशिवाय, आणि पहिली दोन वर्षं मदतनीस-विद्यार्थिनी म्हणून काढायची मनाची तयारी करून. ती तयारी नसेल तर तिथेच राहा, तुझ्या आयसीयूला तुझी गरज आहे, त्यात काही कमीपणा नाही.

एक काम मात्र आत्ताच कर. कॉलेजात जाऊन प्रत्येक विषयाचे थिअरीचे आणि प्रॅक्टिकलचे तास लिहिलेलं ट्रान्सक्रिप्ट मिळावं म्हणून अर्ज टाक, आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू आहे ना तेही बघ. तासांचा तो कागद मिळायला वेळ लागतो आणि इथे सगळं त्यावर अडतं. ऑफिसातल्या क्लार्कला तासांचा तक्ता कसा हवा ते समजत नसेल, तर माझ्या ट्रान्सक्रिप्टचा फोटो पाठवते, तोच दाखव.

तुझी,
सुजू