बाबा, तो तुम्हाला विसरलेला नाही

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, काल फोनवर तू दबक्या आवाजात बोलायला लागलीस तेव्हाच कळलं, बाबा जवळपास आहेत. आपला म्हातारा कुत्रा बंड्या रात्री दोनला उठून घरभर फिरतो, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहतो आणि बाबा त्याच्यासाठी जमिनीवर अंथरूण घालून झोपतात. हाक मारली तरी वळून बघत नाही म्हणून म्हणाले, "हा मला विसरला." ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

बाबा, आज मी मुद्दाम प्राण्यांच्या डॉक्टरांना भेटले. बंड्या 14 वर्षांचा झाला. म्हातारपणी माणसाला होतो तसा स्मृतिभ्रंश कुत्र्यांनाही होतो. रात्र-दिवसाचा मेळ राहत नाही, रोजच्या घरात वाट चुकते. त्यातून त्याचे कान गेलेत. तुमची हाक त्याला ऐकूच जात नसेल हो! जवळ जाण्याआधी जमिनीवर पाय वाजवा, हादरा त्याला कळेल. नाक बहुतेक वेळा कान-डोळ्यांपेक्षा जास्त टिकतं, म्हणून तुमचा अंगातला सदरा न धुता त्याच्या अंथरुणात ठेवा. रात्री एक मंद दिवा असू द्या.

तुम्ही पेपर वाचताना तो तुमच्याकडे टक लावून बसायचा, आठवतं? 2015 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की कुत्रा आणि त्याचा माणूस असे एकमेकांकडे बघत राहिले, की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन, म्हणजे माया जडवणारं संप्रेरक, वाढतं. आई आणि तान्ह्या बाळातही हेच घडतं. बंड्याच्या डोळ्यांवर निळसर झाक आलीय, पण तेवढ्याने नजर जात नाही. त्याच्या अगदी समोर बसत जा.

आणि तुमची गुडघ्याची गोळी त्याला अर्धीसुद्धा देऊ नका. त्यातल्या आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना इजा होते. जिन्यावरून उचलूनही नेऊ नका, पोटाखालून टॉवेल घालून आधार द्या. तुमची कंबरही आता पूर्वीची नाही.

त्याचे हाल बघवेनासे होतील तो दिवस येईल, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तेव्हा डॉक्टरांना काय सांगायचं ते तुम्ही एकट्याने ठरवायचं नाही. मी येईन.

तशी या शनिवारी येतेच आहे. आई, माझं अंथरूण बंड्याशेजारी घाल. बाबांनी दोन रात्री पलंगावर झोपायचं.

तुमची,
ताई