ध्वनिवर्णनाचा विचार चित्रीकरणाआधीच व्हावा

माननीय संपादक,
सविनय नमस्कार.

मराठवाड्याच्या मातीतल्या चित्रपटांवर आपल्याकडे आवर्जून चर्चा होते. परंतु याच भागातील दृष्टिहीन प्रेक्षकाला ते पुरतेपणी अनुभवता येत नाहीत, कारण दोन संवादांमधल्या जागेत पडद्यावर काय घडते आहे हे मोजक्या शब्दांत सांगणारे ध्वनिवर्णन मराठी चित्रपटांना क्वचितच जोडलेले असते. शेजारी बसलेल्या बहिणीने वा मित्राने कानात कुजबुजलेल्या तुकड्यांवर त्याला भागवावे लागते.

ही सोय म्हणजे उपकार नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये ध्वनिवर्णनाचा स्पष्ट उल्लेख आहे. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पठाण’च्या निर्मात्यांना ओटीटीवरील प्रदर्शनासाठी ते तयार करण्यास सांगितले आणि मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. मला काळजी वाटते ती वेगळीच: चित्रपट पूर्ण झाल्यावर, केवळ नियमाची पूर्तता म्हणून, कोणाकडून तरी घाईने चार वाक्ये लिहून घेतली जातील.

गावात टँकर आल्याचे दृश्य घ्या. हंड्यांचा खणखणाट आणि बायकांची ओढाताण आवाजातूनच कळते, तेथे वर्णन नकोच. पण कडेला उभ्या मुलीने पाठीवरचे दप्तर उतरवून घागर उचलली, हे सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि दृश्याचा सारा अर्थ तर त्यातच आहे. ध्वनिरचनाकाराने दप्तर ओट्यावर टेकल्याचा आणि घागरीचा आवाज गर्दीतून वेगळा राखला, तर वर्णनकाराला एक छोटे वाक्य पुरते. याउलट त्या क्षणावर पार्श्वसंगीत पसरलेले असेल, तर ते वाक्य बसवायला जागाच उरत नाही. म्हणून पटकथा, ध्वनी आणि वर्णन यांचा विचार एकत्र व्हायला हवा. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठात याच दिशेने संशोधन झाले आहे. तेथे वर्णनाचा काही भार ध्वनिपरिणाम, आवाजाची दिशा आणि पात्राचे स्वतःचे निवेदन यांच्यावर सोपवण्यात आला. आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत वाढलेल्या आपल्या पिढीला हे परके वाटू नये; केवळ आवाजातून अख्खा वाडा उभा करणारे कलावंत आपल्याकडे होऊन गेले आहेत.

वर्णन लिहिणे हे कसबाचे काम आहे. ‘तो दुःखी झाला’ असा निष्कर्ष न देता त्याने ताट बाजूला सारले एवढेच सांगायचे असते, पुढचे प्रेक्षक समजून घेतो. लिहिलेला मजकूर दृष्टिहीन व्यक्तीने ऐकून तपासणे तर अत्यावश्यकच आहे, आणि त्या कामाचा तिला मोबदला मिळाला पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाने वर्णनलेखनाचा छोटा अभ्यासक्रम सुरू करावा आणि अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दरवर्षी निदान एक मराठी चित्रपट ध्वनिवर्णनासह दाखवावा, अशी माझी विनंती आहे. चित्रपटगृहांनीही कोणत्या खेळाला ही सोय आहे आणि ती मोबाइलवर कशी सुरू करायची, हे तिकीटखिडकीवरील कर्मचाऱ्यांना शिकवून ठेवावे, म्हणजे विचारायला आलेला प्रेक्षक उत्तराविना परतणार नाही.

आपला,
एक वाचक, परभणी