फेरिटिन ८.२ आणि रिपोर्ट म्हणे नॉर्मल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या जिल्ह्याच्या पानावर महिलादिनाच्या हिमोग्लोबिन तपासणी शिबिराची बातमी वाचली, फोटोत ओळीनं बसलेल्या बायका, एकीचं बोट पुढं केलेलं, मागं बॅनर. बहुतेकींचं हिमोग्लोबिन 'समाधानकारक' निघालं असं खाली लिहिलेलं. ते वाचल्यावर गप्प बसवेना म्हणून लिहितेय. तीन वर्षांपूर्वी अशाच एका शिबिरात मी पण बोट टोचून घेतलेलं, १२.१ आलं, तिथल्या मॅडम म्हणाल्या मस्त आहे की, आणि हातात राजगिऱ्याचा लाडू दिला. तो लाडू घेऊन घरी येताना पहिल्या मजल्यावरच कठड्याला धरून उभी राहिले, छाती धडधडायला लागली, वरच्या मजल्यावरच्या आजी माझ्या मागून येऊन पुढं निघून गेल्या. त्या सत्तरीच्या, मी तेव्हा एकोणचाळीसची.

मी कऱ्हाडला एका पतसंस्थेत कॅशियर आहे. नोटा मोजायचं काम, त्यात चूक चालत नाही. त्या वर्षी मला शंभराचं बंडल तीन तीनदा मोजायला लागायचं, मधेच आकडा सुटायचा. झोप आठ तास व्हायची तरी सकाळी उठल्यावर वाटायचं की आत्ताच कुणीतरी शेतात राबवून आणलंय. रात्री पाय एका जागी ठरायचे नाहीत, केसांचा तर कंगव्याला पुंजका यायचा. मिस्टर म्हणायचे वय झालं तुझं, सासूबाई म्हणायच्या आमच्या वेळी पाच पाच लेकरं काढून शेतात जायचो, आणि जाऊबाई म्हणायच्या मोबाईल कमी बघ. मी थायरॉईड केलं, बी ट्वेल्व्ह केलं, शुगर केली, सगळं नीट. एका डॉक्टरांनी तर चष्म्यावरून बघून विचारलं, घरात काही टेन्शन वगैरे आहे का? घरात टेन्शन कुणाला नसतं हो.

आणि एक गोष्ट होती जी मी कुणालाच सांगितली नव्हती, सांगण्यासारखी आहे असंच वाटलं नव्हतं. मी बर्फ खायचे. सरबतातला वगैरे नाही, नुसता. रात्री सगळे झोपले की फ्रीजरमधला ट्रे काढायचा, ओट्यावर आपटायचा आणि खडे एकेक करून कडाकडा फोडून खायचे, डिसेंबरात सुद्धा, अंगावर स्वेटर घालून. ट्रे संपला की परत पाणी भरून ठेवायचा म्हणजे सकाळी कुणाला कळायला नको. एकदा सासूबाई उठल्या, त्यांना वाटलं उंदीर काहीतरी कुरतडतोय. दात पडतील म्हणाल्या आणि झोपायला गेल्या.

मग एका मैत्रिणीनं तिच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी आधी मागची फाईल चाळली. त्यात फेरिटिनचा, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचा, रिपोर्ट होता! म्हणजे टेस्ट झाली होती, एका पॅकेजमध्ये आपोआप आलेली. आकडा ८.२, शेजारी छापलेलं '४.६३ ते २०४', म्हणजे रेंजमध्ये. ठळक अक्षर नाही, बाण नाही, काही नाही. ज्यांनी आधी बघितलं त्यांनी ठळक काय आहे तेवढं बघितलं असणार, त्यांच्या जागी मी असते तर मी पण तेच केलं असतं, आम्ही सुद्धा लेजरला लाल असतं तिथंच थांबतो. बाईंनी त्या आकड्यावर पेनानं गोल केला, वर बघितलं आणि विचारलं, "बर्फ खाता का?"

मी रडायलाच लागले.

तर ते काय असतं ते मला जसं कळलं तसं सांगते. बर्फाची ती ओढ म्हणजे लोह कमी असल्याची खूण. हिमोग्लोबिनमध्ये असतं ते रक्तात फिरणारं लोह, आणि फेरिटिन हे साठ्याचं माप. माझ्या भाषेत सांगायचं तर हिमोग्लोबिन हा काउंटरच्या ड्रॉवरमधला पैसा आणि फेरिटिन ही आतली तिजोरी. ड्रॉवर कमी पडला की आतून आणून भरायचं, त्यामुळं गिऱ्हाईकाला कधी कळत नाही की आत खडखडाट आहे, शेवटच्या दिवसापर्यंत काउंटरवर नोटा दिसतात. शरीर पण तसंच करतं, साठा पार तळाला जातो तोपर्यंत हिमोग्लोबिन बारावर टिकवून धरतं. पण लोह फक्त रक्ताला लागतं असं नाही ना, स्नायूंना लागतं, पेशींमध्ये ताकद तयार होते तिथं लागतं, म्हणून ॲनिमिया नसताना पण माणूस गळून जातं. हे काही माझं म्हणणं नाही, फ्रान्समध्ये १९८ बायकांवर याचा अभ्यास झालाय, २०१२ ला छापून आला, पाळी चालू असलेल्या, सतत दमलेल्या, हिमोग्लोबिन १२ च्या वर पण फेरिटिन ५० च्या खाली. निम्म्यांना बारा आठवडे लोहाची गोळी दिली आणि निम्म्यांना खोटी. गोळीवाल्यांचा थकवा जवळजवळ ४८ टक्के उतरला आणि खोट्या गोळीवाल्यांचा २९ टक्के. म्हणजे कुणीतरी आपली विचारपूस केली की त्यानंच बराच थकवा जातो हे पण त्यात आलं म्हणायचं. पण उरलेला फरक लोहाचा.

आता माझी खरी तक्रार त्या रेंजची. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची गाइडलाइन म्हणते की मोठ्या माणसाचं फेरिटिन १५ च्या खाली असेल तर लोहाची कमतरता आहे, आणि बरेच डॉक्टर तर ३० च्या खाली असलं की कमी धरतात. मग ४.६३ हा आकडा येतो कुठनं? तर ज्या कंपनीचं मशीन आणि किट असतं तिनं काही वरवर निरोगी लोकांचं रक्त तपासून ठरवलेली ती रेंज असते. एका मशीनची ४.६३ पासून, दुसऱ्याची १०, तिसऱ्याची १३ पासून, तेच रक्त एका लॅबमध्ये नॉर्मल आणि गल्ली ओलांडली की कमी. आणि ज्या बायकांचं रक्त तपासून ती रेंज काढली त्यातल्या कितीतरी जणी आतून माझ्यासारख्याच रिकाम्या असणार, कोण बघायला गेलंय. सगळा वर्गच नापास असला म्हणून पासिंग चारवर आणतात का?

आपल्याकडं आकडे काही कमी नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं २०१९ ते २१ मधलं, त्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला, त्याच्या आधीच्या वेळी ४८ होता, म्हणजे वाढला. आणि हे सगळं नुसतं हिमोग्लोबिन बघून. माझ्यासारखी १२.१ वाली त्यात 'ठीक' या रकान्यात बसते.

मग साठा गेला कुठं, तर त्याचा हिशोब बाईंनी माझ्याकडूनच करून घेतला. एक मिली रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह. पाळीत ८० मिलीच्या वर गेलं की ते जास्त समजतात, म्हणजे ४० मिलिग्रॅम तिथंच गेलं. अन्नातून अंगी लागतं दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम आणि त्यातलं एक तर असंच रोज झिजून जातं. माझी पाळी सात दिवस, पहिले तीन दिवस दोन दोन तासांनी पॅड, गाठी पडायच्या, आणि मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं कारण आईचं पण तसंच होतं. सोनोग्राफी केली तर गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ. म्हणजे मी वर्षानुवर्षं खर्च जास्त आणि जमा कमी असं खातं चालवत होते, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही, जी दिवसभर दुसऱ्यांची पासबुकं बघते.

खाण्याचं पण ऐका. मला सगळ्यांनी बीट खा, बीट खा करून हैराण केलेलं, लाल असतं म्हणून. बीटात शंभर ग्रॅमला एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं! त्यापेक्षा बाजरी, अळीव, मटण, कलेजी बरी, त्यातही मटण-कलेजीतलं चांगलं अंगी लागतं. पण आमच्याकडं सोमवार, गुरुवार, शनिवार आणि वर श्रावण, उरतो रविवार. आणि सगळ्यात मोठा घोळ निघाला चहाचा. सकाळी चहा-चपाती, दुपारी डबा झाला की लगेच ऑफिसचा चहा. जेवणातल्या लोहाला चहा धरून ठेवतो, निम्म्याहून जास्त तसंच बाहेर जातं. पोह्यावर लिंबू पिळलं तर लोह जास्त मिळतं आणि त्याच पोह्यांबरोबर कपभर चहा घेतला की ते पण गेलं. चहा बंद नाही केला, तेवढं बळ माझ्यात नाही, पण जेवणाच्या आधी-नंतर तासभर थांबते. तो तास लई मोठा असतो.

गोळ्या मी आधी पण खाल्लेल्या, कॅल्शियम आणि लोहाची, दोन्ही एकत्र, रात्री दुधाबरोबर, कारण कुणी वेगळं सांगितलंच नव्हतं. कॅल्शियम आणि दूध दोन्ही लोहाला आडवं येतं. आता एक दिवसाआड एक गोळी, सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर. रोज का नाही तर एक गोळी घेतली की लिव्हरमधून हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि ते दिवसभर आतड्याचं दार लावून घेतं, दुसऱ्या दिवशीची गोळी कमी अंगी लागते आणि पोट बिघडतं ते वेगळं. शी काळी होते, त्याला घाबरायचं नाही. तीन महिन्यांनी फेरिटिन २७ झालं, सात महिन्यांनी ४४. बर्फ मात्र दुसऱ्याच आठवड्यात सुटला, मला कळलं पण नाही कधी, एक दिवस ट्रे उघडला तर सगळे खडे जागच्या जागी.

हे वाचून कुणी उठून मेडिकलमधनं लोहाच्या गोळ्या आणून खाऊ नका हो. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे रक्तातला एक जन्मजात दोष, असला तरी रिपोर्ट लोह कमी असल्यासारखाच दिसतो आणि तिथं लोह कमी नसताना उगीच खाल्लं तर साठून अपाय होतो. ताप-सर्दी, अंगात कुठं सूज असेल तर फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसतं. आणि पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी निघालं तर आधी गळती कुठं आहे ते शोधायला लागतं, मूळव्याध असेल, जठरात अल्सर असेल, कधी आतड्याचा कॅन्सर पण असतो. आमच्या ऑफिसातल्या शिपाईकाकांना वर्षभर टॉनिक चालू होतं, शेवटी निघाली मूळव्याध, ते लाजेनं बोललेच नव्हते.

तर संपादकसाहेब, माझं मागणं असं. सगळ्या बायकांची फेरिटिन करा असं मी म्हणत नाही, मला त्या एका टेस्टला साडेसहाशे लागले, आमच्या ऑफिसात झाडायला येणाऱ्या मावशींना ते परवडणार नाही. पण शिबिरात बोट टोचताना तीन प्रश्न तरी विचारा, त्याला पैसे पडत नाहीत: पाळी किती दिवस आणि किती जाते, महिनोन् महिने दमल्यासारखं वाटतं का, बर्फ-माती-कच्चे तांदूळ-पाटीवरची पेन्सिल असलं काही खावंसं वाटतं का. जिचं उत्तर हो येईल तिला बारा असलं तरी पुढं पाठवा, आणि ती टेस्ट सरकारी दवाखान्यात फुकट होऊ दे. लॅबवाल्यांनी त्यांच्या मशीनची रेंज खुशाल छापावी, पण खाली एक ओळ घालावी की १५ च्या खाली म्हणजे कमतरता. आणि तुम्ही तुमच्या आरोग्याच्या पानावर फेरिटिनवर एकदा सविस्तर लेख द्या, सुंदर केसांसाठी सात उपाय तर दर आठवड्याला असतातच.

माझी मुलगी नववीत आहे, शाळेत दर सोमवारी निळी गोळी मिळते, तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली ती जिभेखाली धरतात आणि नळावर जाऊन थुंकतात, मळमळतं म्हणून. हिनं पण तेच केलेलं. आता डबा खाल्ल्यावर घेते, तसंच घ्यायचं असतं. तिला मी तो ८.२ चा रिपोर्ट दाखवला.

आपली एक वाचक,
कऱ्हाड

ता. क. मिस्टरांनी हे पत्र वाचलं. म्हणाले, बाकी ठीक आहे पण ते पॅड आणि गाठीचं पेपरात कशाला, तेवढं काढ. काढलेलं नाही, तुम्ही पण काढू नका.