मॅकडोनाल्डच्या बिऱ्हाडाविषयी

प्रिय मंदा,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू विचारलंस, "रॅम्से मॅकडोनाल्ड म्हणजे तो जातीय निवाड्याचाच ना?" हो, तोच, ब्रिटनचा तेव्हाचा पंतप्रधान. १९३२चा निवाडा, येरवड्यातलं उपोषण, पुणे करार... आपल्याकडे त्याची ओळख एवढीच. मला मात्र सध्या त्याच्या संसाराचं वेड लागलंय.

जन्म १८६६चा, स्कॉटलंडमधल्या लॉसीमाउथ या कोळ्यांच्या गावात. आई मोलकरीण, बाप शेतावर नांगर धरणारा गडी. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. आजीच्या घरी वाढला. लंडनला आल्यावर पाकिटांवर पत्ते लिहून पोट भरायचा आणि रात्री वर्गांना जायचा. शेवटी तब्येतीनंच हात टेकले. १८९५ला साउदॅम्प्टनमधून निवडणूक लढवली आणि सपशेल पडला.

पुढच्याच वर्षी त्यानं मार्गारेट ग्लॅडस्टनशी लग्न केलं. (पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या घरातली नव्हे, हिचे वडील रसायनशास्त्रज्ञ.) तिचं स्वतःचं उत्पन्न होतं, आणि मला वाटतं सगळी मेख तिथेच आहे. त्या काळी खासदाराला पगार नसे, तो सुरू झाला १९११ला. गरिबाघरच्या माणसानं राजकारण करायचं तर खायचं काय? लिंकन्स इन फील्ड्समधल्या त्यांच्या बिऱ्हाडात हा प्रश्न बायकोच्या पैशानं सुटला. १९००च्या फेब्रुवारीत मजूर प्रतिनिधित्व समिती स्थापन झाली, हा तिचा चिटणीस, आणि कचेरी कुठे? घराच्याच मागच्या खोलीत! पुढे जो मजूर पक्ष झाला, त्याचा पत्रव्यवहार पोरांच्या रडारडीत चालायचा. मार्गारेट स्वतः कामकरी बायकांच्या संघटनेत धावपळ करणारी, वर देशोदेशींच्या पाहुण्यांची ऊठबस. त्याच्या चरित्रात तिला 'पत्नी' म्हणून दोन परिच्छेद देणाऱ्यांचा मला रागच येतो.

१९०३ला त्यानं लिबरल पक्षाशी गुपचूप जागावाटप ठरवलं. त्याच्या जोरावर १९०६ला समितीचे २९ जण निवडून आले, हा लेस्टरहून. काहींना ते सौदेबाजी वाटलं. मला नाही वाटत. त्याशिवाय पक्ष उभा राहिलाच नसता.

मग १९१०चा फेब्रुवारी. त्यांचा छोटा मुलगा डेव्हिड घटसर्पानं गेला, पाठोपाठ काही दिवसांत मॅकडोनाल्डची आई गेली. १९११च्या सुरुवातीला तो पार्लमेंटमधल्या पक्षाचा नेता झाला आणि सप्टेंबरात मार्गारेटच रक्तात विष भिनून गेली. पदरी पाच मुलं. त्यानं पुन्हा लग्न केलं नाही. १९२४ला पंतप्रधान झाला, तेव्हा डाउनिंग स्ट्रीटवरचं घर थोरली लेक इशबेल सांभाळायची.

आणि तुझ्या कामाचं एक सांगते. १९१२ला हिंदुस्थानातल्या सरकारी नोकऱ्यांसाठी जो इझलिंग्टन आयोग नेमला, त्यात हा होता आणि आपले नामदार गोखलेही. तू गोखल्यांची पत्रं चाळतेयस ना? मॅकडोनाल्डचा उल्लेख कुठे सापडला तर पान तेवढं कळव.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझी,
शालन