स्पिन ३/२ चं गणित मांडून देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

स्पिन (कणाचा अंगभूत कोनीय संवेग) ३/२ असलेल्या कणाच्या रारिटा-श्विंगर समीकरणावरची आमची पानं तुम्ही ओळ न् ओळ तपासून परत पाठवलीत. याआधी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांनी 'हे उघडच आहे' म्हणून वाटेला लावलं. ते उघड नाही, हे तुम्ही पहिल्यांदा मान्य केलंत.

सुरुवात हिशोबापासून केलीत. या कणाचं क्षेत्र साय हे सदिश-स्पिनर, म्हणजे सदिशाचे ४ × स्पिनरचे ४ = १६ घटक. डिरॅकच्या गॅमा मॅट्रिक्सांशी गुणून केलेली बेरीज शून्य, ही ४ बंधनं. डायव्हर्जन्स शून्य, ही आणखी ४. उरले ८: कणाच्या ४ स्पिन-अवस्था, प्रतिकणाच्या ४. पुस्तकं एवढं तरी सांगतात.

खरी पंचाईत विद्युतचुंबकीय क्षेत्र आलं की होते. मुक्त कणाची तिन्ही समीकरणं घेऊन साध्या डेरिव्हेटिव्हच्या जागी कोव्हेरियंट डेरिव्हेटिव्ह डी (ज्यात विद्युतचुंबकीय विभवही येतो) घातला, त्या ओळीपाशी तुमची लाल पेन्सिल थांबली आहे: 'या दोन डींचा क्रम बदलून बघा.' बस, एवढंच. क्रम बदलताना विद्युतचुंबकीय क्षेत्राचा टेन्सर एफ मागे उरतो आणि गॅमा, एफ व साय यांचा गुणाकार शून्य, असं एक जास्तीचं बंधन न मागता येऊन बसतं. अवस्थाच कमी होतात! म्हणून बंधनं हाताने लादायची नाहीत. क्षेत्र लाग्रांजियनमध्ये, म्हणजे ज्या एका सूत्रातून सगळी समीकरणं निघतात त्यात, घालायचं आणि बंधनं त्यातून निघू द्यायची. फिअर्त्स आणि पाउली यांनी १९३९ साली धरलेली वाट हीच. उत्तर लिहून दिलं असतंत तर आम्ही ते उतरवून घेतलं असतं. ती ओळ आम्हाला करायला ठेवलीत, याचं मोल फार आहे.

पुढची अडचणही लपवली नाहीत. १९६१ मध्ये जॉन्सन आणि सुदर्शन यांना क्वांटीकरणात धनता मोडलेली (संभाव्यता ऋण होऊ शकते अशी) दिसली. १९६९ मध्ये व्हेलो आणि झ्वान्झिगर यांनी या क्षेत्राची लहर प्रकाशापुढे पळते हे दाखवलं. चुंबकीय क्षेत्र ३एम² भागिले २ई (एम कणाचं वस्तुमान, ई त्याचा विद्युतभार, नैसर्गिक एककांत) एवढं झालं की बंधन कोलमडतं. क्षेत्र क्षीण असलं तरी सुटका नाही, कारण वेगाने जाणाऱ्या निरीक्षकाला तेच क्षेत्र मोठं दिसतं.

ज्याला विषय येतो त्याने नवख्याची वही इतक्या आस्थेने वाचावी, अशी सक्ती कुणावर नसते. तुमच्यासारखी माणसं ती वाचतात, म्हणूनच हा विषय पुढे जातो.

आता स्पिन २ ला हात घातलाय: सममित टेन्सरचे १० घटक, त्यातून डायव्हर्जन्स शून्य ही ४ आणि ट्रेस शून्य हे १ बंधन वजा, उरले ५. लाग्रांजियन लिहून झालं की पाठवतो.

तुमचे विद्यार्थी